ओरखडा आणि लाल रस

पानगळ आटोपली, छत्र्यांचा हंगाम सरला, की लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टमध्ये अळंबी बघायला येणाऱ्यांची वर्दळ थांबते. मला तिथे जायला तेव्हाच आवडतं. पडलेल्या ओकच्या फांद्यांवर सालीला धरून पसरणाऱ्या पापुद्र्यांच्या बुरश्या भर थंडीतही जागेवर असतात.

त्यांतल्या दोघींनी मला पुरतं गुंतवलं: स्टेरियम हिर्सुटम आणि स्टेरियम गौसापाटम. दोघी सालीवर चिकटून वाढतात आणि कडेला उचलून नागमोडी झालर धरतात. खालच्या बाजूला ना छिद्रं, ना पट्ट्या, सगळं गुळगुळीत. ताजी हिर्सुटम ओळखू येते. वर दाट लव, खाली झळझळीत नारिंगी. गौसापाटम पातळ, तपकिरी, कडेला पांढुरकी. पण हिर्सुटम जुनी झाली की विटून करडी-तपकिरी होते आणि रंगावर विसंबता येत नाही.

मग खालची बाजू नखानं हलकेच खरवडायची. हिर्सुटमवर नुसता ओरखडा उठतो. गौसापाटमच्या ओरखड्यात मात्र लाल रस उतरतो. निर्जीव वाटणाऱ्या त्या पापुद्र्यातून रस आलेला पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही. बुरशी सुकलेली असेल तर आधी पाण्यानं भिजवावी, नाहीतर रस दिसत नाही.

अर्थात लाल रस म्हणजे गौसापाटमच, असंही नाही. स्टेरियम रुगोसमही रुंद पानांच्या झाडांवर असते आणि तिलाही रस येतो. पण ती बहुधा सपाट, जाड आणि कडक असते. सूचिपर्णी लाकडावर ओरखडा लाल झाला तर स्टेरियम सँग्विनोलेंटम. म्हणून आधी झाड ओळखावं, मग बुरशी.

हिर्सुटमची आणखी एक खूण मला फार आवडते. ट्रेमेला ऑरांशिया ही पिवळीधमक, लिबलिबीत बुरशी तिच्यावरच जगते. तिच्यासारखीच दिसणारी ट्रेमेला मेसेंटेरिका मात्र पेनिओफोरा या वेगळ्या पापुद्र्यांवर पोसते. पिवळं काही दिसलं की मी आधी त्याच्या शेजारचं लाकूड तपासते.

एपिंगमध्ये बुरशी तोडायला मनाई आहे आणि ओळखण्यासाठी तोडायची गरजही नाही. तुम्ही कुठल्याही रानात असा पापुद्रा पाहिलात तर फोटो खालच्या बाजूचाही काढा, ओरखड्याचा रंग लगेच टिपा आणि झाडाचं नाव लिहून ठेवा. नुसत्या वरच्या बाजूच्या फोटोवरून हिर्सुटम की गौसापाटम, असा निवाडा करू नका.