मंडाले, पोर्ट ब्लेअर आणि रत्नागिरी

जपानी साम्राज्याचा धडा मी वर्गात मंडाले आणि पोर्ट ब्लेअरपासून सुरू करतो. रत्नागिरीच्या मुलांना ही दोन्ही नावे ऐकून माहीत असतात. मंडालेचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवले आणि 1916 च्या डिसेंबरात तो इथेच वारला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात होते. सावरकर अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमधून सुटले ते रत्नागिरीच्या तुरुंगात आले आणि पुढे 1924 पासून 1937 पर्यंत याच जिल्ह्यात स्थानबद्ध राहिले. इंग्रजांनी माणसे दूर ठेवण्यासाठी वापरलेल्या या गावांपैकी दोन गावे 1942 मध्ये जपानच्या ताब्यात गेली: पोर्ट ब्लेअर 23 मार्चला, मंडाले 1 मेला.

जपान तिथवर कसा पोचला, हे समजून घ्यायला 1905 कडे जावे लागते. त्या वर्षी मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत ॲडमिरल तोगोच्या आरमाराने रशियाचे आरमार बुडवले. एका आशियाई राष्ट्राने युरोपातल्या महासत्तेला हरवले, ही बातमी बंगालच्या फाळणीच्या त्या वर्षी आपल्याकडे केवढा धीर देऊन गेली असेल! टिळकांच्या ‘केसरी’ने जपानचे भरभरून कौतुक केले. आमच्याच मुरूडचे अण्णासाहेब कर्वे यांच्या हाती पुढे टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली, आणि 1916 मध्ये त्यांनी भारतातले पहिले महिला विद्यापीठ सुरू केले. जपानकडून घेतलेली ही गोष्ट निखळ चांगली होती आणि ती आजही टिकून आहे.

पण त्याच 1905 च्या नोव्हेंबरात, रशियाशी तह होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा जपानने कोरियावर संरक्षित राज्याचा करार लादला. 1910 मध्ये कोरिया सरळ खालसा केला. खालसा हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण डलहौसीचे राज्य आठवणाऱ्या मराठी वाचकाला त्याची झळ चटकन कळते. आपल्याकडे त्सुशिमाची चर्चा खूप झाली, कोरियाची फार कमी. आपल्या आधुनिक इतिहासलेखनातली ही मोठी उणीव आहे, असे माझे मत आहे.

त्याआधी 1895 मध्ये चीनकडून तैवान घेतला होता. पुढची पायरी मांचुरिया. रशियाकडून मिळालेल्या रेल्वेसाठी 1906 मध्ये दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनी काढली, तिच्या आसऱ्याने कोळसा आणि लोखंड उपसले, आणि 1931 मध्ये रुळांवर स्वतःच स्फोट घडवून चिनी सैन्यावर आळ घेतला. सबंध प्रांत गिळला आणि 1932 मध्ये तिथे मांचुकुओ नावाचे बाहुले राज्य उभे केले. राष्ट्रसंघाने दोष दिला तेव्हा 1933 मध्ये जपानने राष्ट्रसंघच सोडला. 1937 पासून चीनशी उघड युद्ध पेटले. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये त्याच युद्धातल्या जखमींसाठी चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. 1905 चा जपान मनात बाळगणाऱ्या मराठी मध्यमवर्गाने कोटणीसांना तेवढ्याच आदराने आठवले पाहिजे.

1941 च्या उन्हाळ्यात अमेरिकेने जपानचे तेल तोडले. तेल डच ईस्ट इंडीजमध्ये होते, म्हणून दक्षिणेकडे चढाई झाली. ब्रह्मदेशाचे कारण आणखी वेगळे. रंगूनहून आगगाडी मंडालेवरून लाशिओला जाई आणि तिथून रस्ता चीनमधल्या कुनमिंगला. चीनला शस्त्रे पोचवणारी ही वाट तोडायची होती. 8 मार्च 1942 रोजी रंगून पडले आणि लाखो भारतीय डोंगरजंगलांतून पायी आसाम-मणिपूरच्या वाटेला लागले. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, हेही 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचे एक कारण.

‘आशिया आशियाईंचा’ या घोषणेची खरी परीक्षा अंदमानात झाली. 30 डिसेंबर 1943 रोजी सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्यानंतर पंधरवडाभरात तिथले भारतीय डॉक्टर दिवाणसिंग जपान्यांच्या छळाने मेले, त्याच सेल्युलर जेलमध्ये. आणि 30 जानेवारी 1944 रोजी होम्फ्रेगंज येथे 44 भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या गेल्या. सुभाषबाबूंच्या देशभक्तीबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या सत्तेच्या मदतीवर त्यांना विसंबावे लागले, ती सत्ता काय होती हे मुलांना सांगितलेच पाहिजे. ब्रह्मी तरुणांनाही ते कळले. जपानबरोबर रंगूनला आलेल्या आँग सानने 27 मार्च 1945 रोजी आपले सैन्य जपानवरच उलटवले.

त्याच्या आठवडाभर आधी, 20 मार्चला, इंग्रजांच्या फौजेतल्या भारतीय डिव्हिजनने मंडालेचा किल्ला घेतला. लढाईत थिबाचा सागवानी राजवाडा जळून गेला. वाचला तो त्याच्या वडिलांचा, मिंडॉन राजाचा, एक महाल. थिबाने तो राज्यावर आल्यावर किल्ल्याबाहेर हलवून मठाला दिला होता. एका साम्राज्याने राजाला नेले आणि दोन साम्राज्यांच्या झुंजीत त्याचे घर गेले.

या झुंजीत आपली माणसेही लढत होती. 1944 च्या मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाकला पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. चारी बाजूंनी वेढा, पाण्याचे हाल, तरीही या तुकडीने कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेचे मोलाचे दिवस खाल्ले. मराठा पलटणीत भरती होण्याची कोकणातल्या घरांची परंपरा जुनी आहे. वाचकहो, आपल्या घरात आजोबा-पणजोबांची सैन्यातली कागदपत्रे, पदके, ब्रह्मदेशातून आलेली पत्रे किंवा फोटो असतील, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांच्यावर नाव, पलटण आणि साल लिहून ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला निदान त्यांची एक प्रत द्या.