हद्दीपलीकडील दोन दिवस

परदेश म्हटला कीं डोळ्यांपुढें समुद्र, आगबोट किंवा विमान उभें राहतें. परंतु धाराशिव जिल्ह्यांतील वाशी गांवच्या आमच्या वाडवडिलांना परदेश पाहण्यास समुद्राची गरज पडत नसे. १९४८ पर्यंत वाशी हें निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें, आणि आज मोटारीनें तास-दीड तासाच्या वाटेवर असलेली बार्शी मुंबई इलाख्यांतील सोलापूर जिल्ह्यांत. मध्यें हद्द होती. अलीकडे हाली सिक्क्याचा रुपया, पलीकडे कलदार. सात हाली मोजले म्हणजे सहा कलदार हातीं पडत. अलीकडे दरबारची भाषा उर्दू आणि सन फसली, पलीकडे कचेरींत मराठी-इंग्रजी आणि सन इसवी. माल घेऊन जाणारास करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. हाली सिक्का चलनांतून गेला, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि ती हद्द नकाशावरून पुसली गेली.

हा 'जुना परदेश' मुलांना दाखवावा अशा हेतूनें गेल्या पौषांत येथील एका शाळेच्या नववीच्या २२ मुलामुलींची शनिवार-रविवारची सहल निघाली. आम्ही सेवानिवृत्त खरे. पण वाटेंत इतिहास सांगणारा कोणी म्हातारा असावा म्हणून आम्हांस आग्रहानें बरोबर घेण्यांत आलें. एक शिक्षक व दोन शिक्षिका होत्याच. येरमाळ्यावरून बार्शी, तेथून आगगाडीनें कुर्डुवाडी व पंढरपूर, रात्रीं मुक्काम, रविवारीं परत, असा बेत होता. कागदावर त्यांत दोष काढण्यास जागा नव्हती.

येरमाळा सोडून बार्शीच्या दिशेस लागलों तोंच भाड्यानें ठरविलेल्या मोटारीखालीं मोठा आवाज झाला आणि ती एका अंगास कलली. पाटा तुटला होता. मालकास फोन केला, तर दुसरी गाडी लग्नाच्या वऱ्हाडांत गेलेली. दुपारचें ऊन, जवळ गांव नाहीं, आणि बार्शीची गाडी चुकणार हें स्पष्ट. मुलें प्रथम हंसलीं, मग कुरकुरूं लागलीं, आणि अर्ध्या तासानें "गुरुजी, आपण घरींच जाऊं या" असा सूर निघाला.

शेजारच्या शेतांतून एक पंचाऐंशीच्या घरांतील आजोबा घागर घेऊन आले. मुलांना पाणी मिळालें. सहल कशाची, असें त्यांनीं विचारलें. जुनी हद्द पाहावयास निघालों आहों, असें सांगतांच ते बांधावर टेकले आणि म्हणाले, "मग गाडी बरोबर जागी मोडली. आमची बी इथंच मोडली हुती."

१९४८ च्या उन्हाळ्यांत ते आठ वर्षांचे होते. रझाकारांच्या भयानें त्यांचें कुटुंब अंधारांत बैलगाडी जुंपून बार्शीकडे निघालें. ह्याच उतारावर गाडीचा कणा तुटला. अंथरूण-पांघरूण तेथेंच टाकलें, बियाण्याची पोटली तेवढी डोक्यावर घेतली आणि माणसें चालूं लागलीं. कडेवरचें पोर रडूं नये म्हणून आईनें त्याच्या तोंडावर पदर धरला होता. "पहाटं पलीकडच्या वस्तीवर दार वाजवलं. त्या माणसांनी जात इचारली न्हाई, नाव इचारलं न्हाई. आधी पाणी दिलं."

"आजोबा, मग तुम्ही परत कधीं गेलात?" एका मुलीनें विचारलें.

"फौज आल्यावर. पर बाळ, परत गेलो तवा शेजारचं मणियाराचं घर रिकामं हुतं. त्यांच्या पोरासंगं मी गोट्या खेळायचो. ती बी माणसं अशीच रात्रीची गेली म्हन. कुठं गेली, कळलं न्हाई."

ह्यावर मुलांतून कोणीहि बोललें नाहीं. मागील चार गोष्टी आम्हीं त्यांना सांगितल्या. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा आपल्याच बाजूच्या लातुरास वकिली करणारा मनुष्य. त्याच्या लोकांच्या धाडींमुळें हजारों कुटुंबें बार्शी-सोलापुराकडे गेलीं. ह्याच हद्दीच्या पलीकडे संस्थानांतील स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या होत्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य सोलापुराकडून आंत शिरलें व त्याच दिवशीं नळदुर्ग घेतला. १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. परंतु त्यानंतरच्या दिवसांत सूडाची झळ अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांस लागली. त्या वर्षाच्या अखेरीस पाहणी करून गेलेल्या पंडित सुंदरलाल समितीनें विशेष झळ पोंचलेल्या जिल्ह्यांत आपल्या उस्मानाबादचें, म्हणजे २०२३ पासूनच्या धाराशिवचें, नांव घेतलें आहे. इतिहास सांगावयाचा तर दोन्ही बाजूंनीं रिकामीं झालेलीं घरें सांगितलीं पाहिजेत. क्रमिक पुस्तकांतून हें शिकवितांना आम्हांस जें साधलें नसतें, तें त्या आजोबांच्या एका वाक्यानें साधलें.

पुढें दोन येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतून आम्ही बार्शीस पोंचलों. आगगाडी अर्थातच निघून गेली होती. पुढची मिळेपर्यंत भगवंताच्या मंदिरांत दर्शन घेतलें आणि स्थानकावर शिदोरी सोडली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी व कांदा. उपासमारीचा प्रश्न तरी मिटला. मुलांचा वेळ जावा म्हणून बार्शी लाइट रेल्वेची हकीकत सांगितली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज एंजिनियरानें १८९७ साली बार्शी ते कुर्डुवाडी ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. कापसाच्या व्यापाऱ्यास आणि पंढरीच्या वारकऱ्यास ती सारखीच उपयोगी पडली. १९०६ साली ती पंढरपुरास गेली, १९११ साली निजामी मुलुखांत शिरून लातुरास पोंचली, १९५४ साली सरकारनें विकत घेतली, आणि २००८ साली बार्शीवरून लातूरपर्यंतचा सारा मार्ग रुंद झाला. जुनी गाडी येडशीवरून परस्पर जाई, धाराशिव शहरास शिवत नसे. रुंद रुळांनीं तें शहर जोडलें. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, दोन राज्यें वेगळीं होतीं तर गाडीला अडवलें कसें नाहीं?" कापूस दोघांनाहि विकावयाचा होता, हेंच त्याचें उत्तर.

सर्वांत कठीण प्रसंग पुढेंच होता. कुर्डुवाडीस गाडी बदलतांना मुलें मोजलीं तीं वीस भरलीं. पाणी भरावयास गेलेलीं दोन मुलें पंढरपूरची समजून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडींत चढलीं होतीं. मुलांनीं फोन आणूं नयेत असा शाळेचा नियम होता. दिवस मावळत आला. बरोबरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. शिक्षक फलाटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धांवले. आम्ही उरलेल्या मुलांना जवळ बसवून ठेविलें. पण त्या पाऊण तासांत आमच्याहि जिवाचें पाणी पाणी झालें. ज्यांचीं मुलें होतीं त्यांना काय सांगावयाचें, हा एकच विचार मनांत घोळत होता.

मग बाईंचा फोन वाजला. निघतांना त्यांनींच प्रत्येक मुलाच्या खिशांत नांव, गांव व आपला क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घातली होती. पुढील स्थानकावर रडवेलीं उतरलेलीं दोन मुलें पाहून भाजी विकून परतणाऱ्या एका बाईनें ती चिठ्ठी वाचवून घेतली आणि आपल्या फोनवरून क्रमांक लाविला. एवढ्यावर न थांबतां उलट गाडीनें ती स्वतः मुलांना घेऊन आली. तिकिटाचे पैसे देऊं केले, तिनें घेतले नाहींत. "लेकरं एकटी कशी सोडू? माझा बी ल्योक असाच एकदा चुकीच्या गाडीत बसला हुता. तवा कुणीतरी हात धरलाच की." संक्रांत नुकतीच झाली होती. मुलांनीं डब्यांतला तिळगूळ पुढें केला, तो मात्र तिनें पदरांत बांधून घेतला.

पंढरपुरास पोंचावयास रात्रीचे अकरा झाले. यात्रेकरूंची गर्दी, त्यामुळें मुक्कामास एकच खोली व एक ओसरी मिळाली. मुलींस खोली दिली. मुलें व आम्ही ओसरीवर पडलों. पहाटे चंद्रभागेचें स्नान, दर्शनाची लांब रांग, आणि दुपारीं बसनें परतीची वाट. कागदावरच्या बेतापैकीं निम्मीं स्थळें पाहावयाचीं राहून गेलीं.

वाशीस आल्यावर कांहीं पालकांनीं शाळेंत तक्रार केली, आणि ती रास्तच होती. पोटच्या पोराची चुकामूक झाली असें ऐकून कोणाचा जीव राहील? पुढें सहली बंद कराव्या, असेंहि एकानें सुचविलें. तेव्हां मुख्याध्यापकांनीं मुलांचे निबंध पालकांच्या हातीं दिले. विषय 'आमची सहल' असा होता. विठ्ठलमूर्तीचें वर्णन बहुतेकांनीं चार ओळींत आटोपलें होतें. पान भरून लिहिलें होतें तें घागर घेऊन आलेल्या आजोबांविषयीं व तिळगूळ घेणाऱ्या मावशीविषयीं. परत कधीं गेलात असें विचारणाऱ्या त्या मुलीनें शेवटीं लिहिलें होतें, 'मणियाराचा मुलगा आज असेल तर तोहि पंचाऐंशी वर्षांचा असेल. त्याच्या नातवंडांना आपलें गांव ठाऊक असेल का?'

पालकांपैकीं एका आजींनीं तो निबंध दोनदां वाचविला आणि म्हणाल्या, "पोरांना पाठवा. पण माणसं नीट मोजा."

पुढील सहल नळदुर्गाची ठरली आहे. निघण्यापूर्वीं मोटारीचे पाटे कारागिराकडून पाहून घेण्याचें, गाडी बदलण्याच्या प्रत्येक ठिकाणीं आधीं व नंतर मुलें मोजण्याचें आणि दोन-दोन मुलांमागें एक साधा फोन देण्याचें ठरलें आहे. खिशांतली चिठ्ठी तर राहणारच.