कुलूप लावलं की निघालो!

सकाळचे साडेसात वाजलेत, माझं सगळं घर झाडून-पुसून झालंय आणि मी लिहायला बसलेय! यात काय विशेष, असं ज्यांना वाटेल त्यांनी पवनीच्या आमच्या घरात कधी झाडू हाती घेतलेला नाही. तिथं साडेसातला कशीबशी सपरी आटोपलेली असायची. ओसरी, माजघर, सैपाकखोली, धानाच्या ढोल्यांची खोली, न्हाणी, माळ्याचा जिना आणि मागं विहिरीसकट सांदवाडी, हे सगळं बाकीच. वरून शाळा साडेदहाची. इतकी वर्षं मी स्वतःला शिक्षिका समजत होते. खरं तर मी त्या घराकडे नोकरीला होते आणि शाळेत फक्त मधल्या वेळात जात होते!

गेल्या दसऱ्याला आम्ही दोघं भंडाऱ्यात, खात रोडकडच्या एका लेआऊटमधल्या रो हाऊसमध्ये राहायला आलो. खाली बैठक, निजायची खोली, सैपाकघर. वर दोन खोल्या आणि गच्ची. पुढं स्कूटी आणि चार कुंड्या मावतील एवढं अंगण. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. झालं घर! आणि मला हे दिसेल त्याला सांगावंसं वाटतं. बसस्टँडवर, भाजीवालीला, लग्नाच्या पंगतीत. आमचे हे म्हणतात, "तू आता त्या बिल्डरची एजंट झाली." म्हणू देत.

पवनीच्या मोठ्या घराला नावं ठेवायला मी बसलेली नाही. सागवानी खांब, हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर देशी कवेलू असं ते घर. मे महिन्यात इकडं पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हाही त्या माजघरात कूलर न लावता दुपारची झोप लागायची. पण त्या कवेलूंची दुसरी बाजू ऐका. देशी कवेलू म्हणजे कुंभारानं चाकावर घडवलेल्या मातीच्या नळीच्या दोन फाकी. त्या छपरावर एकीवर एक नुसत्या ठेवलेल्या असतात, खिळा नाही की चुना नाही. म्हणून उन्हाळ्यात त्यातून वारा खेळतो, आणि म्हणूनच माकडांची टोळी एकदा वरून नाचत गेली की पावसाळ्यात घरभर गुंड-गंगाळं मांडावी लागतात. दरवर्षी मृग लागायच्या आत अख्खं छप्पर फेरायचं. कवेलू उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, खालच्या कमच्या तपासायच्या, उधई लागलेला फाटा बदलायचा, मग पुन्हा सगळं मांडायचं. आपल्याकडे पाऊस वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास. छपरात हयगय चालत नाही.

हे काम करणारा आमचा नेहमीचा म्हातारा एका मे महिन्यात काम संपवून ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "बाई, पुढच्या सालापासून मले बलावू नोका जी. पायाचा भरोसा नाही. अन् पोरं पुन्याले गेली, हे काम कोनाले येतच नाही." त्या दिवशी आमचं घर निम्मं पडलं असं समजा! देशी कवेलू घडवणारे कुंभारही आता शोधावे लागतात. मग काय करायचं? पत्रे टाकले तर उन्हाळ्यात भाजून निघायचं. स्लॅब टाकायचा तर मातीच्या भिंती तो पेलणार नाहीत, म्हणजे घर पाडून नवं बांधायचं. कुणासाठी? दोन म्हाताऱ्यांसाठी? पोरगा पुण्यात, त्याची बायको नोकरीवाली. दोघं दिवाळीला तीन दिवस येतात आणि त्यातला एक दिवस जाळी झाडण्यात जातो.

आता कायद्याचं थोडक्यात, कारण आमच्याकडे अशी घरं याच टप्प्यावर अडून बसतात. आखीव पत्रिकेवर अजून सासऱ्यांचंच नाव होतं. म्हणजे हक्क यांचा, भाऊजींचा आणि दोन्ही नणंदांचा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला आहे. भाऊजींना घर ठेवायचं होतं, मागची बाजू उतरवून पुढची सपरी-ओसरी जपायची होती. बाकी तिघांनी हक्कसोडपत्र करून दिलं. ते दुय्यम निबंधकांकडे रीतसर नोंदवलं, मग फेरफार. स्टँपपेपरवर लिहून घरात ठेवलेल्या कागदाला या कामी काही किंमत नसते, हे ज्यांच्याकडे असे कागद ट्रंकेत पडलेत त्यांनी ध्यानात घ्यावं. मोठ्या नणंदबाई सही करून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "माहेर म्हणजे आता तू राहशील तिथं. फक्त माझ्यापुरती एक गादी ठेव." ती गादी वरच्या खोलीत आहे, आणि त्या येऊन महिनाभर राहूनही गेल्या.

आणि मग सामान! पवनीत 1969-70 मध्ये पुरातत्त्व खात्यानं आणि नागपूर विद्यापीठानं उत्खनन केलं, जगन्नाथ टेकडीवर मोठा बौद्ध स्तूप निघाला. आमच्या माळ्यावरचं उत्खनन त्या मानानं फारच उशिरा सुरू झालं. पण थर तिथंही होते! वरच्या थरात पोराच्या दहावीच्या वह्या आणि बिघडलेले तीन मिक्सर. त्याखाली कंदील, पाळणा, लग्नमांडवाची कनात. अगदी तळाशी सासऱ्यांच्या वडिलांच्या काळातली लाकडी पायली आणि कुडव, धान मोजायचे. ढोल्या रिकाम्या होऊन किती वर्षं झाली होती, तरी त्यांच्यासाठी एक अख्खी खोली राखलेली, आणि ती मी रोज झाडत होते. का? कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही!

सगळ्यात अवघड गेलं पितळेचं. भंडारा हे एकेकाळी पितळी भांड्यांचं गाव, इथल्या कासारांच्या कामाला लांबून मागणी यायची. पुढं स्टील आणि ॲल्युमिनियम आलं तसा तो धंदा ओसरला. आमच्या घरी मात्र शंभर माणसांचा सैपाक निघेल एवढं पितळ फळीवर चढून बसलेलं. दिवाळीला चिंच लावून ते घासताना माझे खांदे भरून यायचे, आणि वर्षभर त्यात एकदाही भात शिजायचा नाही. पुतण्या-भाच्यांना हवं ते नेऊ दिलं, एक गुंड आणि एक गंगाळ ठेवलं, उरलेलं मोडीत घातलं. मोडीचा भाव वजनावर असतो. काट्यावर परात ठेवली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उलट दुकानातून बाहेर पडले तर चाल हलकी झालेली!

स्वीडनमध्ये म्हणे उतारवयात माणसं आपलं सामान आपणच आवरून ठेवतात, मागच्यांना त्रास नको म्हणून. मार्गारेटा मॅग्नुसन नावाच्या बाईंनी त्यावर लिहिलेलं पुस्तक 2017 मध्ये जगभर गाजलं. त्यांचा मुद्दा मरणानंतरच्या सोयीचा. मला वाटतं बाईंनी फायदा कमी सांगितला. मागच्यांचं राहू द्या हो, आवरल्याची मजा आपल्यालाच जिवंतपणी मिळते!

नव्या घरातली माझी लाडकी गोष्ट दारावर आहे. पाटी. तिच्यावर माझं नाव आहे, कारण घर माझ्या नावावर आहे. निवृत्तीचे पैसे माझे, आणि महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून बाईच्या एकटीच्या नावानं राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याबरोबर जोडनाव असलं तर नाही. आमच्या ह्यांनी आधी हिशोब केला आणि मग मोठ्या उदारपणे म्हणाले, "तुझ्याच नावानं घेऊ." उदारपणा एक टक्क्याचा का असेना, मी तो घेतला! माहेरचं घर बाबांचं, सासरचं घर सासऱ्यांचं, आणि हे माझं. पोस्टमन पाटी वाचून मला "मॅडम" म्हणतो.

आणि कुलूप! जुन्या घराला कुलूप लावताच यायचं नाही. पुढचं कवाड लावलं तरी सांदवाडीकडून कुत्री, डुकरं, पोरं, सगळ्यांना वाट मोकळी. विहिरीची काळजी वेगळी. दोघं मिळून परगावी गेलो असं फार क्वचित घडलं. एकानं जायचं, एकानं घर राखायचं. आता? एक दार, एक कुलूप, शेजारच्या ताईंना "येतो हो" म्हणायचं आणि सुटायचं! आंभोऱ्याचा वैनगंगेवरचा नवा पूल 2024 मध्ये सुरू झाला. वर गॅलरीत उभं राहून नद्यांचा संगम बघितला. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम लागला तेव्हा साकोलीकडच्या एका गावात रात्रभराचं नाटक बघितलं, थंडीत कुडकुडत, मध्ये दोनदा चहा. मी झाडीपट्टीतली, मुलांना नाटकं बसवून दिली, आणि स्वतः शेवटपर्यंत नाटक कधी बघितलं नव्हतं! घर राखायला कुणीतरी लागायचं ना. पहाटे परतलो आणि अंगण सारवायचं नव्हतं म्हणून सरळ झोपलो.

आता ह्यात खोट नाही का? आहे. वरच्या खोल्या मे महिन्यात तापतात, स्लॅब दिवसभराची उष्णता रात्रभर सोडत बसतो. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग दिल्यावर जरा सुसह्य झालं, तरी एप्रिल ते जून आम्ही खालीच झोपतो. सामाईक भिंतींचा मात्र इथं फायदा होतो. मधल्या घराला फक्त पुढून आणि मागून ऊन लागतं; टोकाच्या घराची एक आख्खी बाजू तापते, आणि ती बाजू पश्चिमेची असली तर विचारूच नका. आवाजाचं म्हणाल तर डावीकडच्यांचा मिक्सर ऐकू येतो, उजवीकडच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजू शकते. पवनीत रात्री घुबड ऐकू यायचं. मला शिट्ट्या चालतील.

लग्नकार्याला माणसं उतरवायची सोय गेली हेही खरं. भाचीच्या लग्नाला हॉल घेतला, पाहुणे लॉजवर ठेवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी घरच्या लग्नात बसून जेवले! लाखोळीच्या डाळीच्या वड्या गच्चीवर वाळतात, पवनीत वाळायच्या तशाच, फक्त कोंबड्या नाहीत. छत स्वतःचं असल्यानं सोलरसाठी सोसायटीच्या ठरावाची वाट बघावी लागत नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे, आमचा अर्ज गेलाय. रस्त्यावरचे दिवे, चौकीदार आणि पाण्याची मोटर यांची महिन्याची वर्गणी ठरलेली आहे. कवेलू नाहीत, सारवण नाही, पोताई नाही. दोन वर्षांनी हवा तर रंग देऊ, नाही तर नाही!

माझं ऐकून खरंच कुणी निघणार असेल तर चार गोष्टी. महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः बघा, भावाच्या मित्राला विचारून थांबू नका. 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिनखर्चानं दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. म्हणून ताबापत्राची तारीख जपून ठेवा. खाली एक निजायची खोली आणि न्हाणी असल्याशिवाय घर घेऊ नका, आज गुडघे कितीही ठणठणीत असोत. आणि जागा उंचावर आहे का ते बघा. 2020 च्या ऑगस्टअखेर वरून संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, वैनगंगा फुगली आणि भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांमधली घरं पाण्यात गेली. त्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हे शेजारचा किराणावाला बोट ठेवून दाखवतो. त्याला विचारा, ब्रोशरला नको.

आमच्या रांगेत टोकाचं एक घर अजून विकायचं आहे, पश्चिमेच्या बाजूचं. बघायला यायचं तर मे महिन्याच्या दुपारी एकदा या आणि ऑगस्टच्या झडीत एकदा या, दोन्ही वेळा वरच्या खोलीत थोडं बसा, मग ठरवा. चहा माझ्याकडे, घर झाडलेलं असेल.