सहाचा ठेका, चारची किक

पनवेलच्या डॉक्टरांनी माझ्या कानांचा आलेख काढला तेव्हा चार हजार हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात गेली होती. मोठ्या आवाजात आयुष्य काढणाऱ्यांचा कान आधी तिथेच झिजतो म्हणे. बेस मला अजून चोख कळतो. गेलंय ते वरचं: टाळीची धार, झांजेचं टोक, आणि गायिका वैशाली सामंत शब्द जिथे चावून सोडते तो तिचा दात. दुसऱ्या कुणाच्या आवाजातलं काही गेलं असतं तर एवढं मनाला लावून घेतलं नसतं.

‘ऐका दाजीबा’ 2002 च्या सुमाराला आलं. अवधूत गुप्तेचं संगीत, वैशालीचा आवाज. मराठी गाणं हिंदी चॅनलवर दिवसरात्र लागतंय याचं तेव्हा कोण अप्रूप! आमचं शिरढोण म्हटलं की लोक वासुदेव बळवंत फडक्यांचं घर विचारतात, आणि तो मान त्यांचाच. पण लग्नाहळदीत गाणी वाजवणाऱ्या मला तेव्हा खरोखर वाटायचं की हे गाणं माझ्या मिक्सरसाठीच केलंय. वैशालीचा फोटो मी बेसच्या खोक्यावर चिकटवला होता. पुढे 2006 मध्ये ‘जत्रा’ सिनेमातलं ‘कोंबडी पळाली’ आलं, आनंद शिंदेंच्या जोडीला तीच. सगळा महाराष्ट्र त्यावर नाचला, आणि मी मात्र मनातल्या मनात चडफडलो, की आता ती सगळ्यांची झाली.

तिच्या आवाजात लाडीकपणा आहे, पण लाचारी नाही. गाण्यातली बाई दाजीबाला खडसावते, आणि वर मजाही घेते. म्हणून मांडवात ते गाणं लागलं की बायका आपणहून उठतात. एरवी आमच्याकडच्या हळदीला स्पीकरच्या टॉपसमोरची जागा पिऊन आलेल्या पोरांची. बायका खुर्च्यांवर, म्हाताऱ्या भिंतीला, आणि धवलारीण, जिच्या गाण्याशिवाय आगऱ्याचं लग्न लागत नसे, ती कुठेतरी जेवणाच्या टेबलाजवळ. ही मांडणी मला कधीच सोसली नाही. गावात एक पोरगा आहे, बायकांच्यात नाचतो, कंबर अशी घुमवतो की बघत राहावं. पोरं त्याला चिडवायला लागली की मी गाणं बंद करत नाही. गाणं बंद केलं की सगळा मांडव त्याच्याकडेच बघतो. मी दाजीबा टाकतो. आतेमावश्यांचा घोळका त्याच्याभोवती उभा राहतो आणि चिडवणाऱ्यांना आत शिरायला फट उरत नाही. बुद्धवाड्यात 14 एप्रिलला मी वाजवतो आणि पाटलांच्या हळदीलाही वाजवतो. अमक्यांना खिजवणारी गाणी माझ्या पेन ड्राइव्हवर नाहीत. त्यापायी ऑर्डरी गेल्यात.

पण अडतं ते निराळ्याच ठिकाणी. कोळीगीत सहा मात्रांत डुलतं. माझ्याकडचं दाजीबाचं रिमिक्स सरळ चारच्या किकवर बांधलेलं. एकातून दुसऱ्यात जायचं आणि म्हाताऱ्या खाली बसता कामा नयेत, एवढंच. एवढ्यातच माझी उमेद खर्ची पडली. वेग जुळवणं सोपं आहे: सहातल्या दोन मोठ्या ठोक्यांवर किक बसवली की पाय चुकत नाहीत. चुकते ती कंबर. आमच्या बायका पहिल्या मात्रेवर पाऊल टाकतात आणि तिसरीवर गुडघ्यातून हलका झोल घेतात. चारच्या ठोक्यात ती तिसरी जागाच नाही. शरीर झोल घ्यायला जातं आणि तिथे काही नसतं. जिन्याची पायरी संपल्यावर पाय अधांतरी पडावा तसं. तरुण मुली सावरून घेतात. म्हाताऱ्या हसतात, पदर खोचतात, आणि खुर्ची बघतात. एकीने तर मला थेट सुनावलं होतं, “आरं बाला, आमचा गाना लाव ना, यो काय मधीच!”

मी काय काय केलं! मधला बँड पार उतरवून नुसता बेस ठेवला. बेन्जोवाल्याला एकच तुकडा घोळवत ठेवायला लावला. सगळं थांबवून फक्त टाळ्या सोडल्या. टाळ्यांचा इलाज थोडा चालला, कारण टाळी त्या दोन मोठ्या ठोक्यांवरच पडते, तिला सहा-चारशी देणंघेणं नसतं. पण टाळीनंतर वैशालीचा आवाज नेमक्या क्षणी आत यायला हवा, आणि तो क्षण मी तिच्या त्या चावलेल्या अक्षरावरून पकडायचो. आता ते अक्षरच मला ऐकू येत नाही.

हल्लीच्या डीजेंना हा प्रश्न पडतच नाही. टेम्पोवर टॉप-बेसची भिंत रचायची, तयार नॉनस्टॉप लावायचं, वर डोळे दिपवणारं लेझर. बाळं कानावर हात दाबून रडतात आणि हे मोबाइलवर स्वतःचाच व्हिडिओ काढतात. वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, दहानंतर भोंगे बंद, हे 2000 सालच्या नियमांत आहे. मला ते पाठ आहेत, आणि मीही ते मोडलेत, म्हणून या विषयावर फार बोलत नाही. माझा राग आवाजावर नाहीच मुळी. हे लोक मांडवाकडे बघत नाहीत, हा राग आहे.

भाची सध्या माझ्याबरोबर येते. लॅपटॉप तिचा. कानाचं झाल्यापासून मी वरचा बँड नकळत वाढवत होतो, तर हाताला धरून म्हणाली, “मामा, वरचा कमी कर, टोचतंय.” तिने सांगितलं तेवढा केला, मला तर वैशाली पार गोधडीत शिरल्यासारखी वाटली. मांडवात मात्र कुणी कान झाकले नाहीत.

मग गेल्या मोसमात तिने मला न विचारता एक फाइल लावली. कोळीगीतातून दाजीबा आला, पण किक चारची नव्हती. तिने वैशालीचा आवाज सुटा करून खाली सहाचाच ठेका घातला होता. पूल बांधायची गरजच ठेवली नाही. म्हाताऱ्या बसल्या नाहीत. तो पोरगा मधोमध, त्याच्या एका बाजूला धवलारीण. कंबर खाली, तिसऱ्या मात्रेला, सगळ्यांची एकदम.

नवरदेवाच्या काकाने येऊन विचारलं, हे कुणाचं डोकं? मी म्हटलं, माझं.

तिने ते ऐकलं. आता तिला स्वतःच्या नावाचं वेगळं बॅनर हवंय. डिझाइन तयार आहे म्हणते, दाखवत मात्र नाही.