निर्मळच्या वाटेवर

वडोदऱ्याहून मुंबईला जाताना विरार मागे पडले की आपण सामान आवरायला लागतो. पुढच्या खेपेस गाडी वसई रोडला थांबणार असेल, तर एक दिवस हाताशी ठेवा आणि तिथेच उतरा. स्टेशनाबाहेर इमारतींची दाटी आहे. पण बस पश्चिमेला निघाली की केळीच्या बागा, नारळी, विहिरी आणि वाटेवरचे क्रूस दिसू लागतात.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्यकर्ते बदलले, इथली ख्रिस्ती गावे मात्र मराठी मातीतच राहिली. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, चर्चमध्ये मराठीतून मिस्सा, जुन्या बायकांच्या अंगावर लुगडे. निर्मळला शंकराचार्यांची समाधी, तलाव आणि होली क्रॉस चर्च एकाच गावात आहेत. कार्तिकातल्या जत्रेत सुकेळी घ्यायला सगळ्याच धर्मांचे लोक येतात.

मग या लोकांचा धर्म वेगळा दिसतो कुठे? रविवारची प्रार्थना, नाताळ, ईस्टरआधीचे उपवास हे तर आहेच. पण त्याचे खरे उत्तर नंदाखालच्या एका धर्मगुरूच्या आयुष्यात सापडते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक अनेक वर्षे संपादित केले आणि सोप्या मराठीत ‘सुबोध बायबल’ लिहिले. वसईच्या जमिनी आणि पाणी बेसुमार बांधकामांच्या घशात जाऊ लागले, तेव्हा ‘हरित वसई’च्या लढ्यात ते पुढे होते. विहीर आटली तर ती सगळ्यांचीच आटते. म्हणून तो लढा एका चर्चचा राहिला नाही, साऱ्या गावाचा झाला. निसर्ग ही देवाची ठेव आहे, ही त्यांची श्रद्धा. तिचा उपयोग मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना झाला.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला. त्यांनी ना आपला धर्म लपवला, ना मराठीवरचा हक्क सोडला. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांना हा प्रश्न ओळखीचा आहे. शाळेत, नोकरीत सगळ्यांसारखे व्हायचे की घरचे जपायचे? वसईत फिरताना जाणवते की हे दोन रस्ते वेगळे नाहीत. आपली श्रद्धा घट्ट धरावी, ती उघडपणे सांगावी आणि तिच्या बळावर गावाच्या कामाला हात लावावा. मग आपले वेगळेपण कुणाला खुपत नाही, आणि खुपलेच तरी गाव आपल्या बाजूने उभे राहते.

बागा आता कमी होत चालल्या आहेत. तेव्हा जायचे असेल तर फार लांबवू नका. मुलांना सोबत न्या आणि येताना सुकेळी आणायला विसरू नका.