विमान पहाटेचे, मुक्काम कोलकात्यात

अंदमानला किंवा ईशान्य भारतात सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या तिकिटावर पुष्कळदा एक चमत्कारिक रात्र असते. मुंबई, पुणे किंवा नागपूरहून निघालेले विमान दुपारी चारच्या सुमारास कोलकात्याला उतरते आणि पुढचे विमान दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, नाहीतर दुपारी बाराला असते. मधल्या तासांचे काय करायचे, हे सहलीच्या कागदावर कोणीच लिहीत नाही. मग मुले खुर्च्यांवर आडवी होतात, आजी बॅगांवर हात ठेवून पेंगते, घरातले कर्ते पुरुष दर अर्ध्या तासाने फलकाकडे पाहून येतात आणि घरून आणलेला चिवडा रात्री नऊलाच संपतो. ज्या दक्षिणेश्वराचे नाव आजीने लहानपणापासून ऐकलेले असते, ते तिथून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर असते.

बाहेर पडायची भीती अगदीच खोटी नाही. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील तर निदान चूक निस्तरायला कोणी असते; स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर दुसरे विमान चुकल्याचा भुर्दंड सर्वस्वी प्रवाशाचा. अंदमानच्या बाबतीत तर गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरमला, ठरल्या वेळी पोहोचले नाही, की स्वराजद्वीपची बोट हुकते, तिथली खोली फुकट जाते आणि चार दिवसांची सहल पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळते. म्हणून पहाटेचे विमान असणाऱ्यांनी रात्री दहाच्या आत अंथरुणावर असावे, हा नियम आधीच ठरवून टाकावा. तो पाळला तर संध्याकाळचे चार तास आपले असतात, आणि कोलकात्यासारख्या शहरात चार तास थोडे नव्हेत.

मुक्काम मात्र विमानतळाजवळच हवा. पार्क स्ट्रीटवरच्या हॉटेलाचा मोह पडतो, पण पहाटे साडेतीनला झोपलेली मुले उचलून टॅक्सीत घालताना त्या मोहाची किंमत कळते. विमानतळाच्या आसपासचे थांबे गेटांच्या क्रमांकांनी ओळखले जातात. एक नंबर गेट, तीन नंबर गेट आणि चक्क अडीच नंबर गेट! हा पत्ता ऐकून नवखा माणूस हसतो, रिक्षावाला हसत नाही. या गेटांच्या परिसरात आणि व्हीआयपी रस्त्यावर मध्यमवर्गाला परवडतील अशी हॉटेले आहेत. सामान तिथे टाकावे, तोंड धुवावे आणि बाहेर पडावे. खोलीतला टीव्ही लावू नये. तो लागला की अर्धे कुटुंब हलत नाही.

घाई करण्याचे आणखी एक कारण सूर्य आहे. घड्याळ सगळ्या देशाचे एकच, पण कोलकाता मुंबईच्या पूर्वेला इतके दूर आहे, की सूर्य तिथे सुमारे तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. डिसेंबरात मुंबईकर चारचा चहा संपवतो न संपवतो, तोच कोलकात्यात पाचच्या आत दिवस बुडालेला असतो. व्हिक्टोरिया मेमोरियलचा संगमरवर उन्हात पाहण्याचा बेत त्यामुळे बहुतेकांचा फसतो. तिथे पोहोचेपर्यंत संग्रहालयाची दारे लागलेली असतात. १९२१ साली खुली झालेली ती वास्तू परतीच्या प्रवासासाठी ठेवलेली बरी.

पूर्वी विमानतळावरून शहरात जायचे म्हणजे उल्टाडांगाच्या वाहतुकीत तास-दीड तास अडकणे आलेच. २२ ऑगस्ट २०२५ रोजी विमानतळापासून नोआपाड्यापर्यंतची मेट्रो सुरू झाली आणि हे दुखणे पुष्कळ कमी झाले. विमानतळाच्या स्थानकाचे नाव ‘जय हिंद’. तिथून तिसरे स्थानक नोआपाडा, आणि तिथे गाडी बदलायची. या मार्गावर गाड्या विरळ आहेत, तेव्हा रात्रीची शेवटची गाडी कितीची, ते जातानाच विचारून ठेवावे. नोआपाड्याला उभे राहिले, की दोन दिशा समोर येतात आणि संध्याकाळचा निर्णय इथेच करायचा असतो. एकीकडे दक्षिणेश्वर, दुसरीकडे शहर. दोन्ही साधू पाहणाऱ्यांना दोन्ही धड मिळत नाहीत.

बरोबर वृद्ध माणसे असतील तर दक्षिणेश्वरच निवडावे. नोआपाड्यापासून ते दुसरेच स्थानक आहे, आणि स्थानकाजवळून मंदिरापर्यंत २०१८ साली बांधलेला उंचावरचा पादचारी मार्ग आहे. राणी रासमणींनी १८५५ मध्ये उभारलेले हे कालीमंदिर. राणी कैवर्त समाजातील. त्या काळी शूद्र मानल्या गेलेल्या स्त्रीने बांधलेल्या देवळात पूजेला ब्राह्मण मिळेनात, असा तो प्रसंग. पुढे त्याच देवळाचे पुजारी झालेले गदाधर चट्टोपाध्याय म्हणजेच रामकृष्ण परमहंस. नऊ शिखरांचे देऊळ, नदीच्या बाजूला ओळीने उभी असलेली बारा शिवमंदिरे आणि अंगणाच्या वायव्य कोपऱ्यातली रामकृष्णांची खोली, एवढे पाहायला दीड तास पुरतो. दुपारी मंदिर बंद असते, संध्याकाळी पुन्हा उघडते. रांग आणि चपला-मोबाईल ठेवण्याची खटपट धरून आरतीच्या बऱ्याच आधी पोहोचावे. आरतीनंतर घाटाच्या पायऱ्यांवर बसले, की समोर हुगळीचे काळे पाणी आणि पलीकडचे दिवे दिसतात. कोलकात्याची माणसे हिला गंगाच म्हणतात, आणि आजीच्या दृष्टीने तेच खरे असते.

ज्यांचे पाय तरुण आहेत, त्यांनी शहराकडची गाडी धरावी. श्यामबाजार स्थानक आले, की मराठी माणसाने क्षणभर वरच्या रस्त्याची आठवण करावी. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत यांचे घोडेस्वार बंगालवर चालून आले, तेव्हा कोलकात्याच्या रहिवाशांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. तोच ‘मराठा डिच’. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला आणि पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बंगाली घरांत अजूनही मुलांना निजवताना ‘बर्गी’ आल्याचे गाणे म्हणतात. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर. महाराष्ट्रात शौर्याच्या धड्यात भेटणारी माणसे इथे अंगाईतला बागुलबुवा आहेत, हे पोरांना गाडीतच सांगावे. बंगालच्या गावांनी त्या स्वाऱ्यांत फार सोसले होते, हेही सांगावे.

महात्मा गांधी रोड स्थानकावर उतरून थोडे चालले की कॉलेज स्ट्रीट. प्रेसिडेन्सीच्या कुंपणाला लागून जुन्या-नव्या पुस्तकांच्या टपऱ्यांची रांगच रांग आहे; मराठी पुस्तक सापडण्याची आशा करू नये, पण चित्रांची बालपुस्तके घ्यायला लिपी लागत नाही. समोरच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर कॉफी हाऊस आहे. उंच छत, पंखे, पांढऱ्या फेट्याचे वाढपी आणि तासन् तास एका कपावर चाललेल्या गप्पा. काळ्या कॉफीला इथे ‘इन्फ्युजन’ म्हणतात. कॉफी काही अप्रतिम नसते. माणूस तिथे कॉफीसाठी जातच नाही. पोटासाठी जवळच पुतीराम नावाचे जुने दुकान आहे, तिथली कचोरी आणि डाळ शाकाहारी मंडळींना मानवते. अन्यत्र खाताना ‘निरामिष’ हा शब्द वापरावा. ‘व्हेज’पेक्षा तो पटकन समजतो. रविवारी मात्र इकडे वळू नये, बहुतेक पुस्तकांची दुकाने बंद असतात.

तिथून पुन्हा मेट्रोने एस्प्लनेड, आणि एस्प्लनेडला गाडी बदलून हावडा. देशातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी याच एस्प्लनेडहून भवानीपूरपर्यंत धावली होती. हावड्याकडे जाणारी मार्च २०२४ पासूनची गाडी नदीखालून जाते. वाटेतल्या महाकरण स्थानकानंतर बोगद्यात निळे दिवे दिसू लागले, की डोक्यावर हुगळी आहे असे समजावे. जवळजवळ ५२० मीटरचे पात्र पाऊण मिनिटात संपते. मुले ‘एवढेच?’ म्हणतात. म्हणूनच परतताना नदीवरून यावे. हावडा स्थानकासमोरच्या घाटावरून अहिरीटोला, शोभाबाजार, बागबाजारकडे लाँच जाते. भाडे बसच्या भाड्याएवढे आणि सगळ्या संध्याकाळीतला सर्वांत सुंदर भाग हाच. लाँच सुटते आणि हावड्याचा पूल हळूहळू डोक्यावर येतो. १९४३ साली रहदारीला खुल्या झालेल्या या पुलात सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद आहे, नदीत एकही खांब नाही, आणि सारे सांधे नटबोल्टऐवजी रिव्हेट ठोकून जोडलेले. वरून माणसे आणि गाड्या यांचा एकच घुमणारा आवाज येत असतो. पुढे उजव्या हाताला निमतला घाट लागतो. १९४१ मध्ये रवींद्रनाथांवर अंत्यसंस्कार झाले ते इथेच. लाँचमधली माणसे गप्पा थांबवून कपाळाला हात लावतात. शोभाबाजार घाटावर उतरून रिक्षाने मेट्रो स्थानक गाठता येते. लाँच रात्री फार उशिरापर्यंत चालत नाही, तेव्हा सातच्या आसपासची गाठावी, म्हणजे दहाच्या आत खोलीवर पोहोचण्याचा हिशेब बिघडत नाही.

पुढचे विमान दुपारचे असेल, तर हा सारा बेत उलटा करावा. संध्याकाळी जेवून लवकर झोपावे आणि पहाटे साडेचारला उठावे. पूर्वेच्या सूर्याचा आता फायदाच होतो. मे-जूनमध्ये पाचच्या आधी उजाडते. मेट्रो इतक्या लवकर नसते, म्हणून टॅक्सी ठरवून पुलाच्या कोलकात्याकडील टोकाशी, मल्लिक घाटावर जावे. मुंबईकराने दादरचा फूलबाजार पाहिलेला असतो, तरी इथे तो थबकतो. झेंडूच्या माळांची वेटोळी मानेएवढी उंच डोक्यावर घेऊन हमाल धावत असतात, रजनीगंधाच्या मोळ्या, कालीमातेसाठी लाल जास्वंदीच्या माळा, कमळाच्या बंद कळ्यांचे गठ्ठे आणि पायाखाली चिखल. चांगल्या चपला घालू नयेत, आणि वाटेच्या मधोमध उभे राहून फोटो काढू नयेत. हमाल ‘दादा, दादा’ ओरडत येतो तो थांबत नाही. बाजाराच्या मागे पायऱ्यांवर लोक स्नान करत असतात. मातीच्या पेल्यातून चहा मिळतो. त्या पेल्याला बंगालीत ‘भांड’ म्हणतात, आपल्या भांड्याचाच भाऊ. आठपर्यंत इथे रमले तरी मेट्रोने दहाच्या आत विमानतळावर पोहोचता येते. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, त्या दिवशी परतीलाही टॅक्सीच धरावी.

दुर्गापूजेच्या दिवसांत मात्र यातले काहीही जसेच्या तसे चालत नाही. व्हीआयपी रस्त्यावरच्या श्रीभूमीच्या मंडपासाठी एवढी गर्दी लोटते, की विमानतळाची वाटच तुंबते. २०२१ मध्ये तिथे बुर्ज खलिफाची प्रतिकृती उभारली होती. तिच्या लेसर झोताबद्दल वैमानिकांनी तक्रार केली आणि तो खेळ थांबवावा लागला. त्या दिवसांत विमानतळावर नेहमीपेक्षा दीड-दोन तास आधीच निघावे. मात्र त्या रात्री शहर झोपतच नाही, मेट्रोही मध्यरात्रीनंतर चालते, आणि ज्यांना झोप सोडता येते त्यांना अशी रात्र दुसरीकडे कुठे मिळत नाही.

राहता राहिली मिठाई. पाकातले रसगुल्ले पुढच्या प्रवासात नेऊ नयेत. डबा गळतो आणि कपडे चिकट होतात. ते दुकानातच उभ्याने खावेत. न्यायचा तर कोरडा संदेश न्यावा, थंडीत असाल तर खजुराच्या नव्या गुळाचा, म्हणजे ‘नलेन गूड’चा मागावा. तो दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिकतो, आणि पहाटे चारला विमानतळावर मुले भुकेने कुरकुरू लागली, की तोच उपयोगी पडतो.