विष आढळून आले नाही

रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, कोर्टाच्या भाषेत सीए रिपोर्ट, वाचायला एक मिनिटही लागत नाही. वर गुन्ह्याचा क्रमांक, मग सीलबंद बाटल्यांचं वर्णन: एकीत जठर आणि आतड्याचा तुकडा, दुसरीत यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे तुकडे, तिसरीत रक्त. खाली निकालाची एक ओळ. त्या ओळीसाठी घरची माणसं कित्येक महिने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात.

मी जळगावला वकिली करते. माझ्यासमोर आलेल्या अशा कागदांपैकी एकाची ओळ होती, ‘विष आढळून आले नाही.’ घेऊन आलेल्या बाई शिंदखेडा तालुक्यातल्या. मुलगी पारोळ्याकडे दिलेली, घरात कपाशीची शेती. मुलीला धुळ्याला दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी ती गेली. सासरचे म्हणतात तिने स्वतःच औषध घेतलं, आई म्हणते पाजलं. बाईंना वाचता येत नव्हतं. मी ओळ वाचून दाखवली तर म्हणाल्या, “म्हणजे मन्ही पोरले काहीच झायं नही का, ताई?”

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर आधी हे सांगावं लागतं की ‘आढळलं नाही’ आणि ‘नव्हतं’ हे दोन वेगळे शब्द आहेत. फवारणीची बरीचशी औषधं ऑर्गनोफॉस्फरस गटातली. शरीर ती मोडून टाकतं. माणूस चार दिवस जगला, पोट धुतलं गेलं, सलाइन आणि अॅट्रोपिन चालू राहिलं, तर शेवटी यकृताच्या तुकड्यात मूळ औषध सापडेलच असं नाही. पहिल्या तासात पोट धुतलेलं पाणी सांभाळून प्रयोगशाळेला पाठवलं असतं, तर ते शवविच्छेदनातल्या तिन्ही बाटल्यांपेक्षा जास्त बोललं असतं. इथे ते पाठवलेलं नव्हतं.

पण औषध गेलं तरी त्याच्या खुणा राहतात, आणि त्या केसपेपरमध्ये असतात. टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, तोंडाला फेस, मंद नाडी, रक्तातलं घसरलेलं कोलिनएस्टरेज. अॅट्रोपिन किती आणि किती वेळ द्यावं लागलं, हाही पुरावाच. प्रयोगशाळेतल्या विश्लेषकाकडे यातलं बहुतेकदा काहीच पोचत नाही. त्याच्यापुढे असतात फक्त बाटल्या आणि पोलिसांचं पत्र.

कायद्यानेही या ओळीला जरा जास्तच मान दिलाय. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 293, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 329: सरकारी विश्लेषकाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. कोर्ट त्याला बोलावू शकतं, पण ते क्वचित घडतं. उलटतपासणी नाही, म्हणून ‘पद्धतीची मर्यादा किती होती?’ हे विचारणाराही कोणी नाही.

मी बाईंना लक्ष्मीबाई कर्व्यांची गोष्ट सांगितली. पुण्याच्या विधवा, मधुमेही. 1956 च्या नोव्हेंबरात डॉ. अनंत लागू यांच्यासोबत रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाल्या, बेशुद्धावस्थेत जी. टी. रुग्णालयात दाखल झाल्या, आणि काही तासांत गेल्या. रुग्णालयात नाव दुसरंच लिहिलेलं. व्हिसेऱ्यात विष सापडलं नाही. नंतर त्या जिवंत आहेत असं भासवणारी पत्रं निघत राहिली आणि त्यांची मालमत्ता डॉक्टरकडे सरकत गेली. 1959 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. विष सापडलं नाही एवढ्याने खटला मरत नाही, बाकीची परिस्थिती पुरेशी असेल तर, असं त्या निकालाचं म्हणणं.

इथे थांबले असते तर बाई समाधानाने घरी गेल्या असत्या. पण दुसरा निकालही सांगणं भाग होतं. 1984 चा शरद बिरदीचंद सारडा खटला, पुण्यातलाच. तिथे पोटॅशियम सायनाइड सापडलं होतं, मृत्यू विषानेच झाला यावर वाद नव्हता, तरी नवरा सुटला. विषप्रयोगाच्या खुनात चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात, असं कोर्टाने म्हटलं: हेतू, विषानेच मृत्यू, आरोपीच्या ताब्यात ते विष असणं, आणि ते देण्याची संधी. आत्महत्येची शक्यता उरत असेल तर तिचा फायदा आरोपीला.

मला त्यातली तिसरी अट खानदेशात विचित्र वाटते. सायनाइड कोणाच्या घरात सहज नसतं, म्हणून ते जवळ असणं काहीतरी सांगतं. आमच्याकडे आषाढ-श्रावणात पऱ्हाटी डोलायला लागली की प्रत्येक पडवीत औषधाचा डबा असतो. सासऱ्याच्याही हाताशी, सुनेच्याही हाताशी. फोरेटवर म्हणजे आपल्या थिमेटवर 2020 अखेरीपासून बंदी आली, पण फवारणी काही थांबलेली नाही. डबा सापडला म्हणून पोलीस पंचनाम्यात जोर देतात तेव्हा मला हसू येतं. डबा नसता सापडला तर शंका घेतली असती.

तेव्हा बाईंना मी असं सांगितलं: कागदपत्रं धुळ्याहून आणू, त्यावरून विष होतं हे बहुधा दाखवता येईल. ते कोणी दिलं हे त्यातून निघणार नाही. ते शेजारणीच्या जबाबातून, फोनच्या नोंदीतून, दवाखान्यात नेण्याआधी किती वेळ गेला त्यातून निघेल, निघालं तर. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पण इख व्हतं, हाई तरी लिखतीन ना?”

धुळ्याला मी त्यांच्यासोबत गेले. चार दिवसांचे केसपेपर मिळाले, त्यात रात्रपाळीच्या नर्सने दर तासाला बाहुल्यांचा आकार आणि अॅट्रोपिनची मात्रा लिहिलेली. सुंदर अक्षर, एक तासही रिकामा नाही. त्या प्रती जोडून मी तपास अधिकाऱ्यांना अर्ज दिला: सीए रिपोर्ट आणि हे कागद एकत्र शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि मृत्यूच्या कारणाचा अंतिम अभिप्राय घ्या. शवविच्छेदन अहवालात कारणाच्या जागी अजून ‘व्हिसेरा राखून ठेवला’ एवढंच आहे. बाई दर सोमवारी फोन करतात.